कापून ठेवलेले चेहरे

सोमवार, ४ मार्च

पोचले. सामान म्हणजे एक बॅग आणि यंत्रांचे तीन खोके. गाडीवाल्याने यात काय दगड भरलेत का असं विचारलं. नाजूक यंत्रं आहेत म्हटल्यावर त्याने ते जास्तच आदराने आपटले. घर दुमजली, हवेशीर. मला वरची पूर्वेची खोली मिळाली आहे: टेबल, चांगला दिवा, नीट लागणारी खिडकी. आणखी काय हवं?

मागच्या बाजूला काचेच्या छपराचा स्टुडिओ आहे. या भागातला पहिला कथापट याच छपराखाली निघाला. दिग्दर्शक मुळात घड्याळं दुरुस्त करायचे. कुणीतरी एक मोडका कॅमेरा दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलाच नाही. तो उघडून, परत जोडून ते शिकले. त्यांची पहिली फिल्म चाळीस सेकंदांची: बायको झाडांना पाणी घालते आहे. पुढे अकरा वर्षांत सतरा चित्रपट. मग बोलपट आले, तेव्हा आता लोक बघायचे थांबतील असं म्हणून ते पुन्हा घड्याळांकडे वळले.

सतरापैकी तीन उरले. त्यातला सगळ्यांत गाजलेला दुरुस्त करायला मी आले आहे. त्यात नायिकेचा चेहरा एकदाही दिसत नाही. पाठ, हात, मानेवरची बट, बस. त्या धाडसावर प्रत्येक पुस्तकात निदान एक पान असतं.

घर त्यांच्या नातीचं. शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सगळे त्यांना माई म्हणतात. मला म्हणाल्या की जेवायला दोनदा हाक मारीन, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवीन, मग गार झालं म्हणून कुरकुरायचं नाही. मी कुरकुरत नाही म्हटलं. म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

बावीस तारखेला खेळ आहे. पडद्यावर 'दुरुस्ती' या शब्दाखाली माझं एकटीचं नाव येणार. हे आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी लेखी दिलं आहे, मीच मागून घेतलं. मागच्या चित्रपटावर चार महिने मी राबले आणि नाव आलं छोटीचं. यादी टाइप होत होती तेव्हा ती सरांच्या शेजारी उभी होती, एवढंच. छोटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी नवी.

मंगळवार, ५ मार्च

आज पूर्ण तपासणी. लांबी ४,११२ फूट. या काळातल्या फिल्मचा हिशेब सोपा आहे: एका फुटात सोळा चित्रं, सेकंदाला सोळा चित्रं, म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद.

जोड २१२. ते मोजायला मला भिंग लागलं. साधारणपणे फिल्म दोन बोटांमधून सरकवली की जोड नखाला लागतो. हे लागत नाहीत. माईंना विचारलं तेव्हा कळलं की सतराही चित्रपट त्यांच्या आजींनी, म्हणजे दिग्दर्शकांच्या बायकोने, कापले आणि जोडले, खालच्या खोलीतल्या टेबलावर, साध्या कात्रीने. श्रेयनामावलीत त्या एकदाही नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत माझा जोड सर्वांत चांगला मानतात. छोटीसुद्धा मानते, चार लोकांसमोर. मी माझा एक नमुना आजींच्या जोडाशेजारी ठेवून पाहिला. माझा दिसतो.

दुपारभर कामात लक्ष लागलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

आजींच्या टेबलाच्या खालच्या खणामागे एक डबा सापडला. आत फिल्मचे एकतीस तुकडे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: क्रमांक आणि लांबी. पहिला उजेडाला धरला.

चेहरा. नायिकेचा चेहरा.

एकतीसच्या एकतीस तुकड्यांत तिचा चेहराच आहे. म्हणजे तो दाखवायचा नाही असं दिग्दर्शकांच्या मनात कधी नव्हतंच. त्यांनी भरपूर दाखवला होता. नटी प्रत्येक तुकड्यात भिंगाच्या किंचित डावीकडे बघते आहे. दांडा फिरवून कॅमेरा चालवणारा माणूस तिथेच उभा राहतो, आणि कॅमेरा दिग्दर्शक स्वतः चालवायचे. आणि आजींनी ती नजर या टेबलावर पाहिली, सेकंदाला सोळा वेळा.

माईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणाल्या. आजोबा भांडले नाहीत, चित्रपट तसाच दाखवला. लोकांनी डोक्यावर घेतल्यावर बोलणार तरी काय? मग म्हणाल्या की डबा होता तिथे ठेव. कापलेलं जोडायचं नाही, असं आजी सारखं बजावायच्या.

बरं म्हटलं. तसंही मूळ फिल्मला कात्री लावायची नाही, हा आमच्या कामाचा पहिलाच नियम.

शनिवार, ९ मार्च

आजींच्या टेबलाची फिल्म गुंडाळायची चाकं करकरतात म्हणून माईंनी मामांना बोलावलं. मामा म्हणजे इथले सुतार. त्यांचे वडील दिग्दर्शकांकडे आरसा धरायचे, नटीच्या चेहऱ्यावर ऊन पाडायला.

तेल सोडता सोडता मामांनी सांगितलं की चित्रपट लागल्यानंतर महिन्याभराने ती नटी या दारात आली होती. दार त्यांच्या वडिलांनी उघडलं. तीन महिने त्या चेहऱ्यावर ऊन धरलेला माणूस तिला म्हणाला, कोण पाहिजे? ती म्हणाली, अहो मी. तेवढ्यात दिग्दर्शक बाहेर पडले आणि तिला वाट विचारायला आलेली समजून शेजारून निघून गेले. तिला तिच्या आईनेही घरात घेतलं नाही म्हणे.

मी म्हटलं, ऐकीव गोष्टी वाढतच जातात. मामा म्हणाले, पोरी, माझा बाप खोटं बोलायचा, पण फक्त माझ्या आईशी.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी छोटीचा फोन. सर तिला एकवीसला पाठवताहेत, मदतीला. मदतीला! तिने आवाजात साखर घोळून विचारलं की ताई, तुम्हाला चालेल ना? मी चालेल म्हटलं.

त्यानंतर जे केलं ते सरळ लिहिते. तुकडा क्रमांक एक, अकरा फूट, मूळ फिल्ममध्ये जोडला. स्कॅन करून संगणकावर जोडता आला असता. पण तो जोड कुणाचाच नसतो. मला हाताने करायचा होता, आजींच्या टेबलावर, आजींच्या कात्रीने. कुणीही न पाहिलेला पूर्ण चित्रपट, आणि त्याखाली माझं नाव. मग छोटी शेजारी उभी राहिली काय आणि डोक्यावर बसली काय.

पद्धत नोंदवून ठेवते: फिल्मवरचा थर खरवडायचा तो आडवा नाही, तिरपा. चिकटवायचा द्राव लावण्याआधी कडेवर एकदाच फुंकर. दाब अंगठ्याचा नाही, तळहाताचा. हे आजींच्या जोडांवरून मी शोधून काढलं. कुठल्याही पुस्तकात नाही.

जोड जवळजवळ दिसत नाही. जवळजवळ.

मग चहा ओतायला घेतला. किटली कलती केली आणि कप भरलेला होता, किटली खाली ठेवलेली होती. मधलं काहीच आठवत नाही. दमले असेन.

गुरुवार, १४ मार्च

आज पाच तुकडे, एकूण चौऱ्याण्णव फूट. काम करताना खिडकीत फोन ठेवून स्वतःचं चित्रण केलं आणि शेजारी घड्याळ लावलं. घड्याळाप्रमाणे वीस मिनिटं. चित्रण अठरा मिनिटं सव्वीस सेकंदांचं. तूट चौऱ्याण्णव सेकंद.

चित्रणात मी वाकून काम करते आहे, मान वर करायला लागते, आणि पुन्हा वाकलेली. मधला तेवढाच भाग प्रत्येक वेळी गायब. जिथे माझा चेहरा दिसला असता, तेवढाच.

घाबरले नाही. दोनदा मोजलं.

थांबायला हवं होतं. पण पाचवा जोड मलाच भिंगाशिवाय सापडेना.

शनिवार, १६ मार्च

चौदा तुकडे झाले. नटी सुंदर नाही, पण बघत राहावंसं वाटतं. आजींच्या पोटात का दुखलं ते कळतं. मला मात्र नटीचा हेवा वाटत नाही. मला हेवा वाटतो तो कात्रीचा.

जिन्यात माई भेटल्या. त्यांनी विचारलं, कोण पाहिजे? मग कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या की नंबर वाढला वाटतं चष्म्याचा. आम्ही दोघी हसलो.

ताट एकच वाढलं होतं.

सोमवार, १८ मार्च

ओळखपत्रावरचा फोटो पाहिला. खांदा, कान, केस. फोटोतली मी मागे वळलेली आहे.

बाविसावा तुकडा जोडताना— आणि मग ऊन भिंतीवर चढलेलं होतं. तेविसावाही जोडून झाला होता. उत्तम जोडला होता.

माई कुणाला तरी सांगत होत्या की वरची खोली रिकामीच आहे.

मंगळवार, १९ मार्च

तीस तुकडे आत, एकूण ६४० फूट. एकतिसावा डब्यात आहे, तो लावणार नाही. ठरवलं आहे: सगळे परत काढायचे. नटीला दारात उभं राहू दे, मला काय त्याचं. माझा चेहरा मला पाहिजे.

सकाळपासून फिल्म बोटांतून सरकवते आहे. २१२पैकी मी उघडलेले तीस सोडून आजींचे बाकीचे सगळे जोड सापडले. माझा एकही नाही. भिंगाखालीही नाही.

जन्मात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

अंदाजाने कापावं तर— हात होत नाही. असा जोड कापायचा?

बुधवार, २० मार्च

सरांना फोन केला. नाव सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले की दुरुस्तीचं काम छोटीकडे आहे, पहिल्यापासून तिच्याचकडे होतं, आपण कोण बोलताय?

लेखी दिलेला कागद काढला. मजकूर आहे. जिथे नाव होतं तिथे कागद कापलेला. कड सरळ. सुंदर.

गुरुवार, २१ मार्च

छोटी आली. माईंनी तिला माझी खोली दिली. ती माझ्या खुर्चीत बसली, माझा दिवा स्वतःकडे वळवला, कुणाची तरी बॅग राहिली आहे म्हणून दाराबाहेर ठेवली. मी हाक मारली. तिने खिडकी लावून घेतली.

मग फिल्म बोटांतून सरकवली. थांबली. पुन्हा सरकवली. माईंना म्हणाली की हे बघा, इथे जोड असायला हवा, पण लागतच नाही! माईंनी तिची पाठ थोपटली. म्हणाल्या, हात आहे हो तुझ्याकडे. आणि तिने— तिने नाही म्हटलं नाही. हसली.

माझा जोड आहे तो.

माझं लिहिलेलं अजून दिसतं. ही वही तिच्यापुढे उघडून ठेवली की झालं. ती वाचेल, फिल्मला हात लावणार नाही, सरांना बोलावेल. घाबरट आहे, पण नियमाने चालणारी आहे. कदाचित मी यातून सुटेनही.

वही ठेवली. तिचा हात पुढे आला आणि मी ओढून घेतली.

बारा तारखेच्या पानावर पद्धत आहे. तिरपा थर, फुंकर, तळहात. ते मी तिला देऊ?

नाही.

शुक्रवार, २२ मार्च. सकाळ

आजींच्या खोलीत, खिडकीपाशी लिहिते आहे. छोटी टेबलावर आहे. मी दोन हातांवर आहे. तिला मी—

लांबी मोजते आहे. मोठ्याने. ४,११२, वर चिठ्ठ्यांप्रमाणे तुकड्यांचे ६४०. पण भरते आहे ५,३९२. आणखी ६४० जास्त कुठून आले म्हणते. माझ्याकडूनही— मीही मोजायला हवं होतं.

शेवटच्या रिळात सापडलं तिला. उजेडाला धरलं आहे. माई बघताहेत. कुणी तरी बाई आहे म्हणतात. चहा ओतते. मान वर करते. मग खिडकीत बसून वहीत काही लिहिते. तोंड स्पष्ट दिसतं.

माईंनी विचारलं, कोण गं ही? छोटी म्हणाली, काय माहीत. मूळ फिल्मची नाही. मूळ कापायचं नाही, पण ही भलतीच घुसली आहे, काढलीच पाहिजे.

काढ की मग, माई म्हणाल्या.

छोटी, मी आहे. ताई. अगं मी—

कात्री उचलली. अशी नाही धरत. तिचा हात नेहमीच घाईचा. आधी दोन चित्रांमधली रेघ शोधायची, मग पातं टेकवायचं, ही रेघेच्या आधीच का