देवदाराचं पीठ

२८ ऑगस्ट

संपलं सगळं! वर्नाआत्याने त्या बरणीतल्या पिठाची पावासारखी मऊ बिस्किटं केली.

फ्रीजरमधली छोटी बरणी. ते नुसतं पीठ थोडंच होतं — त्यात बाबांच्या देवदाराच्या वासाच्या गांजाच्या नर झाडाचा पराग होता, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पिठात कालवलेला. ईल नदीपलीकडून वणवा आला त्यात तो नर जळाला. उरला होता तो एवढाच. आणि आत्या म्हणते, "लाटताना खाली भुरभुरवायला पीठ कमी पडलं, म्हणून घेतलं. उरलेलं कणकेत ढकललं. चिठ्ठी कुठे होती गं त्यावर?" नव्हतीच. ओलीने सुटली असणार.

बाबांनी दोन खाल्ली, वर ग्रेव्ही ओतून. "आज लाकडासारखा वास येतोय, वर्ना." मला तिथेच रडू फुटणार होतं.

२९ ऑगस्ट

गांजाला लिंबाचा, फळांचा वास कुणीही आणतं. देवदाराची पेटी उघडावी तसा वास फक्त बाबांच्या झाडांना. उभी हयात घातली त्यात. शेजारचा कर्टिस चिडवायचा — "व्हर्जिल, लोकांना आंबा हवाय आणि तू कपाट विकतोयस!"

मादी आहे अजून, व्हरांड्याच्या कठड्याला लागून. म्हातारी. तिची कलमं मुळं धरत नाहीत. वास दोन्हीकडून आला तरच टिकतो. परक्या नराशी लावली की पुढच्या रोपांत लिंबाचाच वास वर येतो. आणि परका तरी कुठला? बी धरलं की फुलांचा भाव पडतो, म्हणून या डोंगरात नर दिसला की लोक उपटून टाकतात.

३० ऑगस्ट

बाबांचा ऑक्सिजन वाढवला. नर्स म्हणाली, पानगळीपर्यंत बघू.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "फुलांना पांढरे केस आले असतील. पराग लाव, ट्रिना. बी धरलेलं बघून जाईन."

मी हो म्हणाले. काय म्हणणार!

१ सप्टेंबर

ते खिडकीतून बघत होते. मी साधं पीठ घेतलं आणि ब्रशने भिंतीकडच्या फांदीला लावलं. वर लाल दोरा बांधला. काचेमागून त्यांनी मान डोलावली. मी इतकी नीच आहे हे मला माहीत नव्हतं.

६ सप्टेंबर

आत्याशी बोलत नाही. "पोरी, चार शिव्या तरी दे!" नाही दिल्या.

११ सप्टेंबर

रोज एकच प्रश्न. "बी?" — "धरतंय, बाबा." देवा, किती दिवस पुरेल हे?

१८ सप्टेंबर

आज बाबा म्हणाले, "फांदी कापून आण. हातात दे."

मी बाहेर गेले. लाल दोऱ्याची फांदी बोटांनी उकलून पाहिली. रिकामी. बी असणार कसं? कात्री घेऊन तिथेच फरशीवर बसले.

तेवढ्यात आत्या लाटायचं कापड घेऊन आली आणि कठड्यावरून झटकलं. पीठ उडालं ते सगळं झाडावर. मी ओरडणारच होते. मग थांबले.

"आत्या, त्या बिस्किटांच्या दिवशीही इथेच झटकलंस?"

"मी नेहमीच इथे झटकते. का गं?"

१८ सप्टेंबर, संध्याकाळ

कठड्याकडच्या फांदीला बी. कोवळं, हिरवं, पण बी! बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. "म्हणजे उरलेला पराग मी खाल्ला?" म्हणाले, आणि हसता हसता खोकत राहिले. मूठ मात्र उघडली नाही.