कंपनी मरत नाही

३ मार्च

विकली! लोकांच्या मालमत्ता विश्वस्त म्हणून सांभाळणारी आमची ट्रस्ट कंपनी तिच्या मालकानं, बँकेच्या होल्डिंग कंपनीनं, मुंबईच्या कुणाला तरी विकून टाकली. प्रेमानंद सरांनी सीताबर्डीच्या ऑफिसात पेढे वाटले. मी खाल्ला नाही. समोरच्या सोफ्यावर रुपराव काका बसले होते — मांडीवर डबा घेऊन. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

४ मार्च

आजही दिसले. कुणाला सांगू? हसतील.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस. हुडकेश्वरचं घर आणि जन्माची पुंजी आमच्या ताब्यात दिली, ती मनकर्णेसाठी. लेक पंचेचाळीसची, समज पाच वर्षांची. "माह्या मागं तिले कोण पाहीन? माणसं मरतात, पलटतात. कंपनी तं मरत नाही ना वं?" — "नाही काका, कंपनी मरत नाही." काय तोऱ्यात म्हटलं होतं मी!

पण त्यांचा जीव बँकेवर. म्हणून हट्टानं दस्तातली व्याख्याच तशी करून घेतली : 'विश्वस्त' म्हणजे ही कंपनी, बँकेच्या होल्डिंग कंपनीच्या मालकीची असेल तोवरच. "बँकेचा हात सुटला का मले तुमची कंपनी नोको."

सुटला हो काका! असे बघत काय बसता?

१२ मार्च

सर म्हणाले, "एक एप्रिलला मालकी बदलते. व्याख्येप्रमाणे त्या दिवसापासून आपण मनकर्णेचे कोणी नाही. फाईल बंद करा." मग काकांच्या पुतण्याचा, नत्थूजींचा फोन. "घर मोकळं करून द्या मॅडम. तिले आश्रमात टाकून देतो."

टाकून!

१३ मार्च

हुडकेश्वरला गेले. मनकर्णा दारातच. "कंपनी आली!" पहिल्यापासून मला कंपनीच म्हणते. बापाच्या खुर्चीला कुणाला हात लावू देत नाही. आज तीच खुर्ची तिनं माझ्यापुढे ओढली.

"बस वं. बाबानं सांगतलं."

तिला सांभाळणाऱ्या पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. बाबानं कधी सांगितलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. बसले. घाबरत बसले.

२ एप्रिल

राजीनामा दिला. कोर्टात अर्जही केला — विश्वस्त म्हणून माझं नाव लावा. वकील कागद चाळत म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या, अठ्ठावन्नच्या. तुमच्या मागं तिले कोण पाहीन?"

शब्द न् शब्द काकांचे. मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

२१ ऑगस्ट

अर्ज मंजूर. मनकर्णेला सांगायला गेले. तिनं माझा हात घट्ट धरला. "कंपनी, तू नाही ना मरत?"

नाही म्हणाले.