माझ्याच आवाजात माझा दहावा

ब्रह्माघाट, वाराणसी

प्रिय शिवरामराव,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा वेणीमाधव याचा (श्वास चालू असलेला) नमस्कार. नागपुरात थंडी कशी आहे, वहिनींचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सुखरूप आहोत, निदान तुमची बहीण विद्युल्लता तरी आहे.

माझ्यासाठी तुम्ही रडलात असे कळले. बरे वाटले. झाले असे की, मी घाटावर कोवळ्या उन्हात शाल डोक्यावरून घेऊन पडलो होतो. कुणीतरी फोटो काढला आणि मोबाइलवरच्या एका बातमीवाहिनीने त्यावर ‘नहीं रहे’ लिहून तो चालवला. बातमी सांगणारी बाई यंत्राने घडवलेली, तिची पापणीही लवत नव्हती. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन सदेह उभा राहिलो. तिथले गृहस्थ म्हणाले, “पंडितजी, खंडन कोई नहीं देखता. आपका निधन बढ़िया चल रहा है.” चहा मात्र पाजला.

तोवर तुम्ही, इकडे एक फोनही न करता, आम्हाला मूलबाळ नाही म्हणून पुढे होऊन घरबसल्या क्रियाकर्माच्या ॲपवर माझा दहावा उरकलात. आता तिथला आवाज माझाच. (सगळे मंत्र मीच रेकॉर्ड करून दिलेत. मृताचे नाव-गोत्र यंत्र आपले आपण घालते, माझ्याच गळ्यातून.) त्याचा व्हिडिओ मी पाहिला. माझा आवाज माझे गोत्र उच्चारत होता, एक स्वर चुकला नाही. ॲपवाल्यांनी घाटावर मांडलेल्या पिंडाला कावळा काही शिवेना. तेव्हा आवाज थांबला आणि चक्क मराठीत म्हणाला, “विद्युल्लतेची काळजी नको. ती माझ्यापाशी आहे.” हे मी कुठल्याही यंत्रापुढे कधी बोललेलो नाही. कावळा लगेच शिवला. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून बसलेला नाही.

इथल्या वैदिकांनी पोथ्या उघडल्या. क्रिया निर्दोष, म्हणजे मी गेलो, असे ठरले. अशा परतलेल्याला शास्त्रात वाट आहे म्हणे: तुपाने न्हाऊन पुन्हा बारसे, पुन्हा मुंज, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. (या वयात लंगोटी लावून भिक्षा मागायची. गल्ली आत्तापासून हसतेय.) ते सगळे मी करीन. पण लग्नाचे काढले तेव्हा विद्युल्लता हसली नाही. मोबाइल कानाशी धरून “सोचून सांगते” म्हणाली. शिवरामराव, तेव्हापासून मला घरात भीती वाटते.

आपला,
वेणीमाधव (बारशापर्यंत बिननावाचा)

ता. क. कन्यादान तुम्हीच करायचे. खरे तर पत्र त्यासाठीच आहे. तिची समजूत घाला, लवकर या.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात विद्युल्लता लाजत सांगून गेली की काल फोनवर तुमच्याकडे तिला रीतसर मागणी घातली गेली, तुम्ही आनंदाने होकार दिलात आणि मुहूर्तही निघाला. शिवरामराव, मी फोन केलेला नाही. होकार मागे घ्या. आणि यापुढे माझा फोन आला तर उचलू नका.