‘जाऊ दे’चे दोन अर्थ

३ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आपला महिला संघ अंतिम फेरीत गेला, हे पेपरात वाचलंच असशील. आईला तेवढंच सांग. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

दुहेरीत एक उंच चेंडू आम्हा दोघींच्या मधोमध आला. मी सवयीने ‘जाऊ दे’ म्हणून ओरडले. आपल्या अंगणात त्याचा अर्थ ‘मला जाऊ दे, हा माझा’. पण लंबू, म्हणजे माझी नवी जोडीदारीण, तिला वाटलं की चेंडू बाहेर चाललाय, सोडून दे म्हणतेय. ती जागीच थांबली आणि माझी रॅकेट तिच्या डोळ्यावर बसली.

भुवईला टाके पडले. कोचबाईंना ती ठणठणीत आहे म्हणून सांगते. मला मात्र खोलीचं दार लावून म्हणाली, त्या डोळ्यात खालून पडदा चढल्यासारखं दिसतं. पुढच्या शनिवारी अंतिम सामना आहे. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय.

ताई, मला फार भीती वाटते गं. तिच्या बाजूला चेंडू आला की माझा हात आखडतो. काय करू?

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त असू दे.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. बडबडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वर्गात मुलांना गणितं घालून तुझं पत्र वाचलं. नंतर साफ चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण केली, मुलं खुसखुसली तेव्हा कळलं. आई शेजारणींना तुझं कौतुक सांगत सुटलीय आणि मी नुसती मान डोलावतेय.

तो शब्द आपल्या दोघींपुरता होता, तिला कसा कळणार? ते आता उगाळू नकोस. पण पडदा चढतोय हे दुखणं साधं नव्हे. एरवी तुझी टकळी थांबत नाही, आणि आत्ताच तोंडाला कुलूप? पत्र मिळताच कोचबाईंकडे जा. लंबू चिडेल, जोडी तुटेल, कपही जाईल कदाचित. तरी जा.

लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय. तू काहीही केलंस तरी माझी माया कमी व्हायची नाही.

तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी मिळालं. कोचबाईंच्या दारापर्यंत जाऊन जाऊन परत आले, शेवटी दार वाजवलं. तपासणीत डोळ्याचा पडदा सुटत आलेला निघाला. आणखी एक दणका बसला असता तर डोळा गेलाच असता, असं डॉक्टर म्हणाले. लंबू म्हणाली, मी तिच्या आयुष्याचं वाटोळं केलं. लगेच शस्त्रक्रिया झाली. माझ्याबरोबर राखीव मुलगी उतरली आणि निर्णायक दुहेरी आम्ही हरलो. संघातलं कुणी माझ्याशी धड बोलत नाही.

डोळा वाचला का, हे मात्र कुणीच सांगेना. आज पट्टी सोडली. मला बोलावलं नव्हतं, तरी आवाज न करता पलंगाच्या पायाशी जाऊन उभी राहिले. डॉक्टरांनी तिचा चांगला डोळा तळहाताने झाकला आणि समोर बघायला सांगितलं. ती नुसती बघत राहिली. वाटलं, संपलं सगळं.

मग तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. ताई, बाहेर येऊन मी आनंदाने ढसाढसा रडले.

लोभाची गरज अजून संपलेली नाही.

तुझी धाकटी