टेनिसच्या हरळीची व्यवस्था

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

लिहून ठेवणार : जसोदाबाई भ्र. पितांबर पाटील, वय चोपन्न, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार नंदुरबार, जिल्हा धुळे.

माझे डोके ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे आणि माझ्यामागे उभे राहून कोणी हे लिहवून घेत नाही. उद्या कार्तिक पौर्णिमेला आमच्या टेनिस कोर्टावर सहा वर्षांनी सामना आहे. सकाळी दूध उतू गेले. असे माझ्या घरात होत नाही. तरी कागद आजच करते, कारण यंदा श्रावणात जे झाले ते माझ्या पश्चात पुन्हा होऊ नये.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी, पोस्टातील शिल्लक आणि देवघर देवांसह माझी एकुलती मुलगी सिंधू हिला द्यावे. पूजा रोज व्हावी. निरांजनात तेल एका वातीपुरते घालावे. देव उधळपट्टी मागत नाही.

कलम २. दगडी रूळ, चुन्याची बादली आणि जाळे ही कोर्टाची मालमत्ता समजावी. जाळे सहा वर्षे माझ्या वालाच्या वेलाला आधार देत होते, ते सोडवून धुतले आहे. उसवलेले दोन ठिकाणी मी सुतळीने विणले. नवे घेण्याची गरज नाही.

हे कोर्ट कसे झाले ते इथे लिहिते, कारण सिंधूच्या मुलांना कोण सांगणार? माझे यजमान कापसाच्या कामाने सुरतेला जात. तिथे एका क्लबात त्यांनी गवतावरचा टेनिस पाहिला आणि झपाटल्यासारखे घरी आले. जमीन माझी, वडिलांनी लग्नात दिलेली, धानोरा रस्त्याला. काळी माती उन्हाळ्यात तडकते म्हणून वर मुरूम आणि त्यावर प्रकाशा गावाहून तापीचा गाळ बैलगाड्यांनी आणून पसरला. मग त्यावर त्यांनी हरळी लावली! सगळी शेतकरी मंडळी बांधावर उभी राहून हसली.

"पितांबरभाऊ, आम्ही हरळी खंदी खंदी मरी ग्यात, आनि तू लाई ऱ्हायना?"

यजमान म्हणाले, "तुमच्या शेतातली पण आणून द्या, उपकार होतील." लोकांनी खरोखरच टोपल्या भरभरून आणून टाकल्या. एक्कावन्न साली पहिली स्पर्धा झाली. रूळ ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना गोणपाट बांधावे लागे, नाहीतर गवतात खड्डे पडत. रेल्वेने नवापूर, दोंडाईचा, अमळनेरचे खेळाडू येत. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. पंगतीला मी कधी कमी पडू दिले नाही, आणि वाया तर कणही जाऊ दिला नाही.

कलम ३. माझा जुना चष्मा धुडकू अप्पांना द्यावा. त्यांना तो एकसष्ट सालापासून लागतो आहे.

कारण असे. त्या वर्षी शेवटचा सामना माझा पुतण्या भाईदास आणि नवापूरचे शिक्षक उदेसिंग यांच्यात झाला. अप्पा उंच खुर्चीवर पंच. एक गुण मिळाला की पेला भाईदासचा, अशी वेळ, आणि सर्व्हिसही त्याचीच. त्याने चेंडू कोपऱ्यात मारला. रेघेवरचा चुना फट्‌कन उडाला, पांढरा, सगळ्यांनी पाहिला. अप्पा म्हणाले, "बाहेर."

मी बायकांतून उठून ओरडले, "आत शे! आत शे!" लोक हसले. यजमान स्पर्धेचे चिटणीस होते, त्यांनी एक शब्द बोलायचा होता. पण भाईदास घरचा, लोक नावे ठेवतील, म्हणून ते खाली मान घालून बसले. भाईदासने रॅकेट विहिरीत फेकली आणि निघून गेला. उदेसिंग म्हणाले, "असा पेला मी नेत नाही." दोन्हीकडच्या लोकांत शिवीगाळ झाली, पुढच्या साली कोणी नावे दिली नाहीत, आणि यजमान गेल्यावर विचारणारेही कोणी राहिले नाही.

त्या दिवशी जेवताना मी यजमानांना विचारले, "तुम्ही का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "बायकांनी खेळात बोलू नये." मी भात वाढला, तूप वाढले नाही. त्यांच्यावरचा हा राग मी इथे माफ करते. अप्पांवरचा करत नाही. चेंडू आत होता.

कलम ४. चांदीचा पेला देवघरात आहे. तो उद्या जो जिंकेल त्याचा. मी जिवंत असले काय, नसले काय.

कलम ५. कोर्टाची जमीन सिंधूच्या ताब्यात राहावी, पण टेनिससाठीच. ती नांगरू नये, विकू नये, गहाण टाकू नये. गणपतीच्या आधी गावातल्या कोणत्याही बाईला तिथल्या दुर्वा खुडण्याचा हक्क आहे. शेतात उगवली की हरळी आणि देवापुढे ठेवली की दुर्वा, गवत एकच. पुरुषांनी "आमचे कोर्ट खराब होते" असे म्हणून बायकांना हाकलू नये. बायका बोटांनी खुडतात म्हणूनच ते नीट दाटते.

नांगरू नये असे का लिहिले, तर श्रावणात मी महिनाभर प्रकाशाला केदारेश्वरापाशी राहिले, आणि इकडे भाईदासने कोर्टावर नांगर घातला. परत येऊन पाहते तर चिखलाच्या सऱ्या. मी बांधावर बसून राहिले. तो म्हणाला, "काकू, गवतपेक्षा जवारी बरी."

पण संताप माणसाला घाई करायला लावतो, आणि शेतकरी असून भाईदास चुकला. उन्हाळ्यात खोल नांगरून काशा, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, उन्हात टाकल्या असत्या तर हरळी मेली असती. त्याने भर पावसात नांगरली! काशांचे तुकडे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा जगला. दसऱ्याला आम्ही गेलो तर जमीन दिसेना, इतकी हिरवी! सिंधू चपला काढून धावत सुटली. मीसुद्धा धावले, चोपन्नाव्या वर्षी, पदर खोचून. भाईदास कडेला उभा. खाली वाकून त्याने हात फिरवला आणि म्हणाला, "हाई तं पहिलापेक्षा दाट शे वं!" दुसऱ्या दिवशी बैल घेऊन रूळ फिरवायला तोच आला. सिंधूने उदेसिंगांना पत्र घातले. उत्तर आले : जिथे थांबलो तिथूनच खेळू.

कलम ६. ज्या कार्तिकात कोर्टावर एकही सामना होणार नाही, त्या वर्षापासून जमीन भाईदासची. त्याचे शेत लागून आहे, सहा वर्षे आमची हरळी त्याच्या कपाशीत शिरली, त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

पुढील मजकूर आज सायंकाळी लिहिला.

भाईदास रेघा मारायला चुना घेऊन आला आणि गाडीने उदेसिंगही आले. दोघे ओसरीवर समोरासमोर बसले. मी चहा ठेवून वरचा कागद मोठ्याने वाचला. सहाव्या कलमाला भाईदास उठून उभा राहिला.

"काकू, मन्हा भरोसा नही का तुले?"

"भरवसा आहे. पण तुझा हक्कही आहे."

"मंग हाई काढी टाक. जमीन मले भेटनार म्हनीसन मी सामना बंद पाडा, असं लोकं म्हनतीन."

"जमीन जाते आहे, पाहा. पुन्हा लिहिणार नाही."

"जाऊ दे. आनि साक्षीदार म्हनीन मन्ही सही ले. ज्याले काई भेटत नही त्यानीच साक्ष चालस ना?"

उदेसिंग म्हणाले, "दुसरी सही माझी."

"दुसरी का बरं? पहिली तुम्हीच करा."

"नाही, पहिली तुमची."

चहा गार व्हायला लागला, तेव्हा सिंधूने नाणे उडवले, जिंकेल त्याची सही पहिली.

कलम ६ मी स्वहस्ते खोडले आहे. खोडण्यावर माझी सही आहे. बाकी सर्व मला मान्य, मी शुद्धीवर आणि आनंदात लिहिले.

ठिकाण नंदुरबार, ता. १६ नोव्हेंबर १९६७

सही : जसोदाबाई भ्र. पितांबर पाटील

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली :
१. उदेसिंग सुरुपसिंग गावित, नवापूर
२. भाईदास सुकराम पाटील, नंदुरबार. नाणेफेक हरलो. सर्व्हिस उद्या माझी.