हातांपुरता उजेड

९ फेब्रुवारी

दांचेवाबाई नाही म्हणाल्या. सरळसरळ नकार.

वसंतातल्या कार्यक्रमांचं पत्रक आज छापून आलं. आमच्या दानूब नदीतल्या माशांवर व्याख्यान, विद्यार्थ्यांचं नाटक, तंतुवाद्यांची मैफल, मधमाश्या — आणि ४ मार्चला मोठ्या सभागृहात 'सत्त्याहत्तरचा भूकंप'. बाकी सगळ्यांपुढे हाताचं लहानसं चित्र आहे. म्हणजे तिथे मी असणार, बोललेलं खुणांच्या भाषेत सांगायला. भूकंपापुढे हात नाही. मला वाटलं छापताना राहिला. राहिला नव्हता, काढला होता.

"त्या दिवशी पाहुणे आहेत, टीव्हीवाले आहेत," बाई म्हणाल्या. विद्यापीठातले सगळे कार्यक्रम त्याच ठरवतात. "तुम्ही पुढे उभ्या राहून हात हलवता आणि लोक वक्त्याला सोडून तुमच्याकडे बघत बसतात. बरं, कोणासाठी? एका म्हातारीसाठी."

हो, एका म्हातारीसाठी. नेद्यालका मावशी जन्मापासून बहिरी. शिवणाच्या कारखान्यात उभा जन्म गेला. व्याख्यानं सुरू झाल्यापासून एकही चुकवलेलं नाही तिनं. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी खुर्ची. शाळेत तिचे हात बाकाखाली ठेवायला लावायचे, ओठ वाच म्हणायचे. "निम्मंच कळायचं," ती सांगते. "राहिलेलं निम्मं आता वसूल करतेय."

दांचेवाबाई दुष्ट नाहीत. भाषणाचा छापील मजकूर नंतर देऊ म्हणाल्या. बरा पर्याय काढला, अशा समाधानानं म्हणाल्या, त्याचाच जास्त राग आला.

१० फेब्रुवारी

मावशीला सांगितलं. छापलेलं मिळेल, घरी सावकाश वाच. तिचे हात हलले —

"मला प्रश्न विचारायचाय. कागदाला विचारू?"

कसला प्रश्न, ते सांगेना. "तिथेच सांगेन. माझ्यासाठी बोलशील ना?"

बोलेन म्हटलं. आता शब्द दिला आहे.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी बाबांकडे गेले, घेवड्याचं सूप घेऊन. पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं, ४ मार्चवर बोट टेकवलं. त्यांनी पत्रक उलटं केलं आणि त्यावर सुपाचं गरम भांडं ठेवलं.

"ऐकू येणारे लोक मला भूकंप शिकवणार? मी होतो त्यात."

बाबांचे हात अजून सुताराचे आहेत. बोलतात तेव्हा लाकूड तासल्यासारखे चालतात, थांबले की एकदम थांबतात.

आई त्या भूकंपात गेली. मी तीन वर्षांची होते, त्या रात्री गावाला आजीकडे होते म्हणून वाचले. एवढंच मला माहीत आहे, तेही आजीनं सांगितलेलं. आई-बाबा दोघंही बहिरे, मी ऐकणारी. बाबांना लोकांनी ढिगाऱ्यातून काढलं. त्या रात्रीबद्दल त्यांनी आजवर हात उचलला नाही. मीसुद्धा विचारायचं कधीच सोडून दिलं.

सूप मात्र सगळं संपवलं. मीठ कमी आहे म्हणाले.

१५ फेब्रुवारी

व्याख्यात्याला फोन केला. प्रा. देलिन मिनेव, राजधानी सोफियाचे, भूगर्भशास्त्राचे. दांचेवाबाईंना न विचारता केला, कळलं तर बोलणी खाईन. खाईन.

ते आधी गोंधळले. "तुम्ही विद्यापीठातर्फे बोलताय का?"

"नाही. एका बाईंना तुम्हाला प्रश्न विचारायचाय. मी मध्ये नसले तर विचारता येणार नाही."

मग हसले. "मी फार भरभर बोलतो, मुलांची कायम तक्रार. तुम्ही शेजारी असलात तर हळू बोलावं लागेल ना?"

"लागेल."

"मग मुलंही तुम्हाला दुवा देतील. तुम्ही असायला हव्यात, असं मी कळवतो तुमच्या ऑफिसला."

१६ फेब्रुवारी

ऑफिसातून अजून काही नाही.

१९ फेब्रुवारी

दांचेवाबाईंनी बोलावलं. समोरची खुर्ची दाखवली नाही, मी आपली बसले.

"माझ्या डोक्यावरून परस्पर सोफियाला फोन करता तुम्ही?"

"तुम्ही नाही म्हणालात म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ठीक आहे, पाहुण्याची मागणी आहे, उभ्या राहा. कोपऱ्यात. पण सगळी चित्रं पडद्यावर आहेत, म्हणजे सभागृहात पूर्ण अंधार. तुमच्यासाठी दिवे लावता यायचे नाहीत.

"अंधारात हात दिसत नाहीत, बाई."

"तो तुमचा प्रश्न."

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. एवढं जिंकून काय मिळालं? अंधारात उभं राहायची परवानगी. मग सुचलं — घरी टेबलाचा दिवा आहे की. वाकतो तो. माझ्या हातांपुरता उजेड पुरे.

२२ फेब्रुवारी

बहिऱ्यांच्या क्लबात गेले. शनिवारची गर्दी, सोंगट्यांचे डाव, कॉफी. इथे कोणी बोलत नाही आणि तरी बाजार भरल्यासारखं वाटतं. मी चार मार्चचं सांगितलं. चला म्हटलं, मावशी एकटीच असते तिथे.

लगेच सुरू झाले. स्तामेन काका, क्लबातले सगळ्यात खट्याळ, मावशीला बघून नाकावर खोटा चष्मा चढवून म्हणाले, "आल्या, प्रोफेसरीणबाई आल्या. आज काय शिकलात? मासे पाण्यात राहतात?"

"मासे आठ हात लांब असायचे आपल्या नदीत," मावशी म्हणाली. "तुला माहीत होतं? नव्हतं. बस सोंगट्या सरकवत."

हसले सगळे. पण मग एकेकाचं आलं — तिथे आपल्याकडे माकडासारखं बघतात. काय करायचंय आपल्याला. शाळेत काय कमी सोसलं. मी वाद घातला नाही, खोटं नव्हतं त्यात काही. एवढंच म्हटलं, जितके जास्त येतील तितकं मला तिथून हलवणं अवघड जाईल.

बाबा कोपऱ्यातल्या टेबलावर होते. सगळा वेळ फाशांकडे बघत होते. फासे टाकतच नव्हते.

१ मार्च

सकाळी मावशी दारात. माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, वसंताचा. जरा घट्टच. "हात सांभाळ मंगळवारपर्यंत," म्हणाली. "भांडीसुद्धा घासू नकोस."

बटाटे सोलायचे होते. कापून घेईन या भीतीनं खरंच नाही सोलले. पाव आणि चीज खाल्लं.

३ मार्च

सभागृहात दिवा लावून बघितला. वायर पोचेना. विजेचं बघणारे पेन्चो म्हणाले, "बाई, वरून लेखी आलं नाही तर मी दुसरी वायर देत नसतो." मग वायर माझ्या पायाशी ठेवली आणि पाठ फिरवून म्हणाले, "दिली नाहीये हं मी."

४ मार्च

घरी आल्या आल्या लिहितेय. बोटं दुखतायत.

सभागृह भरलं होतं. दिव्यांचा झोत, कॅमेरे, पहिल्या रांगेत टायवाले. मावशीच्या खुर्चीवर 'राखीव' लिहिलेला कागद होता, तो तिनं उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि बसली. मागून स्तामेन काका आले. त्यांच्यामागे क्लबातले आणखी सहा-सात जण, लग्नाला निघाल्यासारखे नटलेले. बाबा नव्हते. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा बघितलं.

अंधार झाला. मी माझा दिवा लावला.

मिनेव पहिली दहा मिनिटं हळू बोलले, मग विसरले आणि सुसाट सुटले. जमिनीच्या पोटातले थर, नदीपल्याडचे डोंगर, कोणती घरं का पडली आणि कोणती का टिकली. माझे हात मागे धावत होते. पुढच्या रांगेतला एक टायवाला कुजबुजला, "बाई, तो दिवा बंद करा, डोळ्यावर येतोय." माझे दोन्ही हात कामात. कोपरानं दिवा जरासा वळवला, तो भलतीकडे वळला, पुन्हा कमरेनं ढकलून जागेवर आणला. क्लबवाले हसले. एका क्षणी लक्षात आलं की तिसऱ्या रांगेत घरांच्या त्या चित्रांवर एक बाई रडतेय — क्लबातलीच. ती चाळीसएक वर्षं त्या जागांवरून जातेय आणि तिथली घरं का पडली ते तिला आज कळत होतं.

दिवे लागले. प्रश्न. एका टायवाल्यानं प्रश्न म्हणून भाषणच केलं. मग दुसरा. मावशीचा हात पहिल्यापासून वर. दांचेवाबाई माइक घेऊन म्हणाल्या, "वेळेअभावी इथेच —"

"एक हात वर आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या तोंडून बोलायचं असतं. 'त्या म्हणतात' नाही — 'मी'. मावशी उभी राहिली, हात उचलले, आणि मी बोलत गेले:

"मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. खिडकीशी बसले होते. सगळे सांगतात आधी गडगडाट झाला. मला गडगडाट माहीत नाही. मी आकाश बघत होते. नदीपल्याड उजेड झाला, निळसर, पहाट झाल्यासारखा. मग जमीन हलली. मग गावातले दिवे गेले. अंधारात कोणाचे हात दिसेनात. सगळे एकमेकांना ओरडून सांगत असतील, मला कोण सांगणार? सकाळ होईपर्यंत मला कळलंच नाही काय झालंय. सकाळी मी उजेडाचं सांगितलं तर म्हणाले, तारा तुटल्या असतील, घाबरली असशील. बहिरी आहे ती, तिला काय समजतं. माझा प्रश्न एवढाच — उजेड होता का?"

'कोणाचे हात दिसेनात' इथे मी मागे पडले होते. मावशी थांबली, तिनं मी सावरेपर्यंत वाट बघितली, मग पुढे गेली.

मिनेव माझ्याकडे नाही, थेट मावशीकडे बघून म्हणाले, "होता. पुष्कळांनी तो पाहिल्याचं सांगितलंय, नदीच्या दोन्ही काठांवर. काही ठिकाणी तारांच्या ठिणग्याही असतील. सगळीकडे नसतील. का होतो, ते आम्हाला अजून नीट उलगडलेलं नाही."

मी सांगितलं. मावशी म्हणाली, "पुन्हा सांग."

"होता."

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती बसली आणि कोटाची बटणं लावायला लागली. खालपासून वर, एकेक.

६ मार्च

दांचेवाबाईंचा फोन. मला वाटलं, झालं आता.

"पुढच्या पत्रकात सगळ्या कार्यक्रमांपुढे हात छापायला सांगितलाय," म्हणाल्या. आणि लगेच पुढे, "दिवा मात्र तुमचा तुम्ही आणा."

आणेन.

९ मार्च

बाबा आपणहून आले. कोट न काढता स्वयंपाकघरात उभे राहिले. मावशीनं क्लबात सगळं सांगितलंय.

"उजेड मीही पाहिला होता," म्हणाले. "खिडकीतून. तुझी आई पाठमोरी होती, भांडी विसळत होती. तिला दाखवायचा होता."

बहिऱ्या घरात पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटतात. हादरा पोचतो.

"जमीन हलली. तिला वाटलं मी बोलावतोय. वळली. हसत होती — काय हवंय म्हणून."

हात खाली गेले. मग पुन्हा वर आले.

"मी पाय आपटलाच नव्हता."