रेषेवरचा झेंडा

रविवार, २ नोव्हेंबर

पुन्हा तोंड सुटलं माझं. लेकीचा फुटबॉलचा सामना, अकरा-बारा वर्षांच्या मुली, आणि मी रेषेबाहेरून पंचावर गरजतोय — हा सरळसरळ अन्याय आहे! पंच म्हणजे कॉलेजातली एक पोरगी. ती शिट्टी धरून दोन पावलं मागे सरकली. बायको म्हणाली, "अहो, पंच आहे ती. सरकार नाही."

सर शांतपणे चालत आले. लेकीला फुटबॉल शिकवतात ते, तसं मलाही त्यांनीच शिकवलं. लहानपणी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून मुद्दाम गोलात उभं केलं. "गोलकीपर मुका असला की गोल उघडाच. ओरड!" आज सभा गाजवतो तो आवाज त्यांनी दिलेला. आणि तो मी कुणावर चालवला...

"सभा संध्याकाळी असते ना तुझी? मग सकाळी घसा जप," म्हणाले. "पुढच्या रविवारी रेषेवर झेंडा धर. झेंडेवाल्यानं बोलायचं नसतं."

ओरडणाऱ्या पालकांवर त्यांचा हा जुना उपाय. बाकीचे बाप हसले.

रविवार, ९ नोव्हेंबर

जिंकलो. उपांत्य सामना, एक-शून्य. गोल लेकीचा.

पास सुटला तेव्हा ती शेवटच्या बचावपटूच्या चांगली पुढे होती. ऑफसाइड, म्हणजे गोल बाद. माझ्या नाकासमोर. झेंडा वर करायचा, एवढंच काम. केला नाही. पंचानं माझ्याकडे पाहिलं — मी बुटांकडे.

विचार करायला वेळच मिळाला नाही, असं लिहिणार होतो. मिळाला होता.

गाडीत लेक गप्प. दमली असेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सरांना फोन लावला. त्यांनी उचलायच्या आत ठेवून दिला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भाषण झालं. विषय महिन्यापूर्वीच ठरलेला — खरं बोलण्याची किंमत. सभागृह खच्चून भरलेलं. पल्लेदार वाक्यं, जागच्या जागी दाखले, सगळं जमून आलं. टाळ्या थांबेनात. लेक पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. तिचे हात मांडीवर तसेच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शेवटी सरांकडे गेलो. पंपानं चेंडूंत हवा भरत बसले होते. म्हटलं, "सर, तो गोल..."

"परत केला," म्हणाले. "तुझी लेक सोमवारीच आली सांगायला, मी पुढे होते म्हणून. सगळ्या मुलींना बसवून विचारलं. रडल्या थोड्या, पण तयार झाल्या. आयोजकांना कळवून टाकलं. उद्या अंतिम सामना समोरचा संघ खेळेल."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तीच म्हणाली, बाबांची सभा आहे, त्यांना आत्ता सांगू नका." पंपाचा दांडा दोनदा दाबला. "तुझ्यावर रागवू नका असंही म्हणाली. बाबांच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणे, दिसलंच नाही त्यांना. मी म्हटलं, हो गं, आलं असेल."

वर पाहिलं नाही त्यांनी. आणि मी — मी मान डोलावली.

रविवार, १६ नोव्हेंबर

गेल्या रविवारी ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. हे त्या दोघांनाही माहीत आहे.